झाक कालो : जत्रेपासून वधस्थळापर्यंत

झाक कालो याचा जन्म १५९२ मध्ये लॉरेनच्या राजधानीत, नान्सी येथे झाला. वडील ड्यूकच्या दरबारी राजघोषक होते. तरुणपणी रोम येथे ताम्रपटावरील कोरीवकाम शिकून तो फ्लॉरेन्सला आला व महाड्यूक दुसरा कोझिमो याच्या आश्रयास राहिला.

मेदिची घराण्याच्या वैभवात सार्वजनिक सोहळ्यांना मोठे स्थान होते. १६१६ मध्ये सांता क्रोचेच्या चौकात झालेले अश्वनृत्य व लुटुपुटूची युद्धे कालोने चित्रित केली. एका दिवसात संपणारा सोहळा मुद्राचित्रामुळे दूरच्या दरबारांपर्यंत पोहोचे. चित्रकार हा त्या अर्थाने राजवैभवाचा साक्षीदारच असे. अम्लरेखनासाठी मऊ मेणाऐवजी त्याने तंतुवाद्ये घडविणाऱ्यांचे कठीण रोगण वापरले. त्यामुळे पट अम्लात पुनःपुन्हा बुडविता येई. जवळच्या रेषा गडद, दूरच्या फिकट उमटत व अफाट जमाव स्पष्ट दिसे. ‘इंप्रुनेताची जत्रा’ (१६२०) या चित्रात हजाराहून अधिक माणसे आहेत. त्या गर्दीत एका अपराध्याला दोराने वर टांगले आहे. पण जत्रेच्या विस्तारात ती शिक्षा एक किरकोळ प्रसंग ठरते.

१६२१ मध्ये कोझिमो मरण पावला व कालो नान्सीला परतला. पुढे ब्रेडाचा वेढा त्याने इन्फान्टा इझाबेलासाठी, तर ला रोशेलचा वेढा तेराव्या लुईसाठी कोरला. १६३३ मध्ये त्याच लुईच्या सैन्याने नान्सी घेतली. त्या पराभवाचे चित्र काढण्यास कालोने नकार दिला, अशी कथा नंतरच्या चरित्रकारांनी सांगितली आहे.

त्याच वर्षी ‘युद्धाच्या महाविपत्ती’ ही अठरा चित्रांची मालिका पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील एका चित्रात मध्यभागी विशाल वृक्ष असून त्याच्या फांद्यांना लुटारू सैनिकांची प्रेते लोंबत आहेत. भोवती सैन्य रांगेने उभे आहे, शिडीवर धर्मगुरू आहे आणि खाली फासे खेळले जात आहेत. जत्रेत एका कोपऱ्यात असलेली शिक्षा येथे चित्राचे केंद्र झाली आहे. रचनेचे कौशल्य मात्र तेच आहे. या मालिकेस निव्वळ युद्धनिषेध म्हणणे कठीण, कारण शेवटच्या चित्रात राजा निष्ठावंतांना पारितोषिके देतो. तरीही राजवैभवासाठी घडलेली दृष्टी येथे राजदंडाचा सोहळा तितक्याच निर्विकारपणे नोंदविते, आणि त्या निर्विकारपणामुळेच प्रेक्षक अस्वस्थ होतो.

१६३५ मध्ये नान्सी येथेच कालोचे निधन झाले. सुमारे पावणेदोनशे वर्षांनी स्पेनमध्ये गोयाने युद्धाच्या अनर्थांवर मुद्राचित्रे कोरली, तेव्हा त्याने प्रेक्षकांची ती गर्दी दूर सारली व मरणारा माणूस अगदी जवळ आणला.