रमाबाई आणि सेवासदनच्या विधवा

रमाबाई रानडे (१८६२–१९२४) मूळच्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकर. अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झाले. लिहायला-वाचायला त्या सासरीच शिकल्या, तेही घरातल्या बायकांचा रोष सोसून. १९०१ मध्ये वैधव्य आले. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि तिथल्या विधवांना त्यांनी ससूनमध्ये परिचारिकेचे शिक्षण घ्यायला पाठवले. परक्याचा ताप बघायचा, जखम धुवायची, अंथरूण बदलायचे. आज साधे वाटणारे हे काम तेव्हा घरंदाज बाईने करण्याजोगे मानत नसत. संस्थेच्या एका समारंभात बक्षीस घ्यायला केशवपन केलेली विधवा मंचावर आली, तर गॅलरीतल्या कॉलेजकुमारांनी तिची हुर्यो उडवली. शेवटी रमाबाई बोलायला उभ्या राहिल्या. अशी बहीण, कदाचित आईच, तुमच्याही घरी असेल, असे त्यांनी त्या शिकल्यासवरल्या पोरांना सुनावले.