मोलिएरची तडजोड

एखादे नाटक कोणाला तरी खुपते, प्रयोग बंद पाडण्याची भाषा सुरू होते आणि मग चार समंजस माणसे पुढे येऊन नाटक मंडळीला सुचवतात की, दोन वाक्ये गाळा, पात्राचे नाव बदला, पोशाख बदला, वाद मिटेल. सल्ला सद्हेतूनेच दिलेला असतो. तो मानल्याने नाटककाराच्या पदरात काय पडते, हे पाहायचे असेल, तर मोलिएरचे चरित्र चाळावे. 'संशयकल्लोळ', 'मारून मुटकून वैद्यबुवा', 'कवडीचुंबक' या नाटकांच्या द्वारे मराठी रंगभूमीवर वावरलेल्या या फ्रेंच नाटककाराने तो सल्ला अमलात आणून पाहिला होता.

ज्याँ-बाप्तिस्त पोकलँ हे त्याचे खरे नाव. जन्म १६२२, पॅरिस. बाप राजवाड्यातील गाद्या-पडद्यांची व्यवस्था पाहणारा सुखवस्तू कारागीर. ही वंशपरंपरागत जागा सोडून मुलाने १६४३ मध्ये नाटक मंडळी काढली आणि दोनच वर्षांत कर्जापायी तुरुंग पाहिला. पुढील सुमारे तेरा वर्षे ही मंडळी पॅरिसबाहेर गावोगाव हिंडत होती. गावच्या अधिकाऱ्यांची परवानगी आणि एखाद्या सरदाराचा आश्रय यांवर त्या काळी प्रयोग अवलंबून असे. मोलिएरचा आश्रयदाता प्रिन्स द काँती हा तर अकस्मात धर्मनिष्ठ बनला, त्याने आश्रय काढून घेतला आणि पुढे रंगभूमीविरुद्ध ग्रंथही लिहिला. लोकांची नाडी ओळखणे व प्रसंगी नमते घेणे हे मोलिएर या भ्रमंतीत शिकला. १६५८ मध्ये चौदाव्या लुईसमोर त्याचा प्रयोग रंगला आणि पॅरिसचे दार उघडले.

१२ मे १६६४ रोजी व्हर्सायच्या राजोत्सवात 'तार्त्युफ' प्रथम झाले. ओर्गाँ नावाच्या भाबड्या गृहस्थाच्या घरात शिरून त्याच्या पत्नीवर डोळा ठेवणारा धर्मध्वज हा त्याचा विषय. राजा हसला, पण धर्मपीठाच्या आग्रहापुढे त्याने जाहीर प्रयोगास मनाई केली. एका धर्मोपदेशकाने तर नाटककाराला जिवंत जाळावे, असे छापून प्रसिद्ध केले. दुसऱ्या वर्षी आलेल्या 'दों ज्युआँ'मधील भिकाऱ्याचा प्रवेश पहिल्या प्रयोगानंतरच कापावा लागला. गल्ला उत्तम असताना पंधरा प्रयोगांनी ते नाटक थांबले आणि त्याच्या हयातीत पुन्हा झाले नाही.

आता मोलिएरने 'तार्त्युफ'वर कात्री चालवली. ५ ऑगस्ट १६६७ रोजी ते नाटक 'भामटा' या अर्थाच्या नव्या नावाने आले. तार्त्युफचा पान्युल्फ झाला. धर्मपुरुषाचा साधा वेश जाऊन आखूड टोपी, लांब केस, कमरेला तलवार आणि अंगभर लेस अशा थाटात तो चारचौघांसारखा संसारी गृहस्थ दिसू लागला. बोचणारी भाषणे सौम्य झाली. एवढे करूनही दुसऱ्याच दिवशी पॅरिसच्या न्यायपीठाच्या अध्यक्षाने प्रयोग थांबवला. आठवडा उलटण्याच्या आत आर्चबिशपने असा हुकूम काढला की, हे नाटक जो करील, वाचील वा ऐकेल तो बहिष्कृत. वेश बदलला तरी प्रेक्षक दांभिकाला ओळखणारच, हे त्या मंडळींना मोलिएरच्या हितचिंतकांपेक्षा अधिक कळत होते! राजा तेव्हा लीलच्या वेढ्यात होता. मोलिएरने दोन नटांना अर्ज देऊन तिकडे धाडले, आणि सात आठवडे नाटकगृहास कुलूप राहिले.

५ फेब्रुवारी १६६९ रोजी परवानगी मिळाली, ती पान्युल्फच्या तलवारीमुळे नव्हे. दरम्यान राजमाता निवर्तली होती, धर्मपंथांतील तंटा तूर्त शमला होता आणि राजाचा हात मोकळा झाला होता. तार्त्युफने जुने नाव परत घेतले. पहिल्याच दिवशी २,८६० लिव्हर गल्ला जमला.

तथापि मोलिएरला न वाकणारा वीर ठरवणे सत्यास धरून होणार नाही. तीन अंकांचे पाच झाले. शेवटी राजाचा अधिकारी येऊन तार्त्युफला पकडतो आणि राजाच्या न्यायबुद्धीची भरघोस स्तुती होते. त्या स्तुतीत कृतज्ञता किती व हिशेब किती, हे ज्याने त्याने ठरवावे. पण नवरा टेबलाखाली दडलेला असताना तार्त्युफ त्याच्याच पत्नीला पापाची सोयीस्कर मीमांसा समजावून सांगतो, तो नाटकाचा गाभा असलेला प्रवेश त्याने टाकला नाही. तो टाकला असता, तर परवानगी मिळण्यासारखे उरले काय असते?

धर्मपीठाने मात्र हिशेब चुकता केला. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी रोगभ्रमिष्टाची भूमिका करताना मोलिएर कोसळला आणि त्याच रात्री वारला. दोन धर्मगुरूंनी येण्यास नकार दिला, तिसरा पोहोचेपर्यंत वेळ टळली. नटाला पवित्र भूमीत मूठमाती नाही, असा दंडक होता. पत्नीने राजाचे पाय धरले तेव्हा कोठे रात्रीच्या अंधारात दफन झाले.

१६६४च्या तीन अंकी 'तार्त्युफ'ची संहिता उरलेली नाही. मोलिएरच्या चारशेव्या जन्मवर्षी, २०२२ मध्ये, पॅरिसच्या कॉमेदी-फ्राँसेझने ते रूप रंगमंचावर आणले, तेही संशोधकांनी तर्काने जुळवलेल्या संहितेवरून.