संत जॉन बॉस्को आणि त्यांचे माजी विद्यार्थी



जानेवारी महिना आला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनांचे दिवस सुरू होतात. त्यातच कुठे रौप्यमहोत्सव असतो, कुठे सुवर्णमहोत्सव, कुठे शताब्दी. मिशनऱ्यांनी काढलेल्या आपल्याकडच्या अनेक शाळांनी आता पन्नाशी, पंच्याहत्तरी किंवा शंभरी ओलांडली आहे. मांडव पडतो, स्मरणिका निघते. माजी विद्यार्थी दूरदूरहून येतात, थकलेल्या शिक्षकांना वाकून नमस्कार करतात आणि जुन्या बाकांवर दाटीवाटीने बसून फोटो काढतात. धर्मगुरू या नात्याने अशा समारंभांची आमंत्रणे आम्हांलाही येतात. दर वेळी एक प्रश्न मनात उभा राहतो. हा सोहळा नेमका कशाचा? इमारतीचा, निकालाचा, की आणखी कशाचा?

येत्या ३१ जानेवारीला ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. डॉन बॉस्को या नावानेच ते जगाला ठाऊक आहेत. इटालियन भाषेत धर्मगुरूंच्या नावामागे 'डॉन' हा मानाचा शब्द लावतात, तोच त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. त्यांच्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांनी १८७० साली आपल्या गुरूकडे परत येण्याचा जो परिपाठ सुरू केला, त्यातून माजी विद्यार्थ्यांची एक मोठी चळवळ उभी राहिली. आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्यांच्या चरित्रात सापडते.

इटलीच्या उत्तरेकडील पिएमाँट प्रांतात बेक्की नावाची वाडी आहे. तेथे १६ ऑगस्ट १८१५ रोजी एका शेतकरी कुटुंबात जॉनचा जन्म झाला. तो दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा न्यूमोनियाने वडील गेले. घरात म्हातारी आजी, थोरला सावत्र भाऊ, सख्खा भाऊ आणि हे लेकरू, असा सारा भार आई मार्गारीता हिच्यावर पडला. तिला लिहितावाचता येत नव्हते, पण मुलांना प्रार्थना आणि धर्मशिक्षण तिनेच दिले. नऊ वर्षांचा असताना जॉनला एक स्वप्न पडले. भांडणाऱ्या, शिव्या देणाऱ्या मुलांना तो गुद्दे मारून गप्प करू पाहत होता, आणि एक तेजस्वी पुरुष त्याला सांगत होता की ही मुले मारून नव्हे, मायेने जिंकायची आहेत. त्या स्वप्नाचा अर्थ उमगायला पुढे सारे आयुष्य लागले.

जॉनला शिकायचे होते. शेतावर हात हवे असताना पुस्तके कशाला, असे सावत्र भावाचे म्हणणे. घरातले वाद इतके विकोपाला गेले की आईने काळजावर दगड ठेवून या कोवळ्या मुलाला दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून पाठवले. पुढे फादर कालोस्सो या वृद्ध धर्मगुरूंनी त्याची हुशारी हेरून त्याला लॅटिन शिकवायला सुरुवात केली, पण १८३० साली तेही वारले. अखेर १८३१ मध्ये किएरी गावच्या शाळेत जॉन दाखल झाला, तेव्हा त्याच्या बाकावर त्याच्यापेक्षा कितीतरी लहान मुले होती. फी आणि जेवणासाठी तो मिळेल ते काम करी. त्याने शिंप्याचे काम शिकून घेतले. एका कॉफीच्या दुकानात त्याने चाकरी केली, कॉफी आणि मिठाई करायला शिकला, आणि रात्री जिन्याखालच्या एका कोनाड्यात झोपला. हे दुकान वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१८३५ मध्ये तो सेमिनरीत गेला आणि ५ जून १८४१ रोजी तुरीन शहरात त्याला गुरुदीक्षा मिळाली. त्या काळी तुरीनमध्ये बांधकामे आणि कारखाने वाढत होते, आणि खेड्यापाड्यांतून पोरवयाची मुले कामासाठी शहरात येत होती. कोणी गवंड्याच्या हाताखाली विटा वाहत होता, कोणी धुराड्यांची काजळी काढत होता. रविवारी त्यांना जायला ठिकाण नव्हते. फादर योसेफ काफासो यांच्या मार्गदर्शनाखाली हा तरुण धर्मगुरू तुरुंगात जाऊ लागला. तेथे त्याला दिसले की सुटून गेलेली मुले थोड्याच दिवसांत पुन्हा आत येतात, कारण बाहेर त्यांचे कोणी नसते.

८ डिसेंबर १८४१ रोजी, निष्कलंक मातेच्या सणादिवशी, डॉन बॉस्को असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या चर्चमध्ये मिस्सासाठी वस्त्रे घालत होते. तेवढ्यात एक परका मुलगा साक्रिस्तीत शिरला. मिस्साला सेवा करता येत नाही असे त्याने सांगताच साक्रिस्तानाने त्याला झाडूच्या दांड्याने झोडपून हाकलले. डॉन बॉस्को यांनी साक्रिस्तानाची कानउघाडणी केली आणि मुलाला परत बोलावून घेतले. त्याचे नाव बार्थोलोम्यू गारेल्ली, वय सोळा, धंदा गवंडीकाम, आईबाप नाहीत, अक्षरओळख नाही. फादरांनी त्याला विचारले, शीळ तरी घालता येते का? मुलगा हसला. मग दोघांनी मिळून नमो मरिया म्हटली. पुढच्या रविवारी तो आपल्या सोबत्यांना घेऊन आला.

सालेशियन संस्थेचा सारा विस्तार याच दिवसापासून मोजला जातो. आमच्या मते यात मोठा अर्थ आहे. तोवर एकही वर्ग भरला नव्हता, एकही वीट रचली गेली नव्हती. चर्चच्या दारातून हाकलला गेलेला एक मुलगा आत बोलावला गेला, एवढेच घडले होते.

मुले वाढली तशी जागा अपुरी पडू लागली. चार-पाच वर्षे ही मंडळी या आवारातून त्या आवारात हिंडत राहिली. शेजाऱ्यांना मुलांचा गोंगाट नको होता, सरकारी अधिकाऱ्यांना गर्दीचा संशय येत होता, आणि डॉन बॉस्को यांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असे काही धर्मगुरूंनाही वाटू लागले होते. अखेर १८४६ च्या पुनरुत्थानाच्या रविवारी, १२ एप्रिलला, वालदोक्को भागात पिनार्दी नावाच्या गृहस्थाच्या घराला लागून असलेली ठेंगणी पडवी त्यांना भाड्याने मिळाली. त्याच वर्षी जुलैमध्ये डॉन बॉस्को मरणाच्या दारात पोहोचले, तेव्हा विटा वाहणाऱ्या मुलांनी त्यांच्यासाठी उपास केले आणि रात्री प्रार्थनेत घालवल्या. नोव्हेंबरमध्ये ते गावाहून परतले ते आईला बरोबर घेऊन. अठ्ठावन्न वर्षांच्या मार्गारीताने आपले घर सोडले, लग्नातले ठेवणीतले कापड आणि दागिने या मुलांसाठी खर्ची घातले, आणि १८५६ साली मृत्यू येईपर्यंत शेकडो अनाथांची आई होऊन ती राहिली.

आता शाळेकडे वळू या. दिवसभर राबणाऱ्या मुलांसाठी डॉन बॉस्को यांनी रविवारचे आणि रात्रीचे वर्ग काढले. योग्य पुस्तके नव्हती, ती स्वतः लिहिली. राज्यात मेट्रिक मापे सक्तीची होणार म्हणून १८४९ साली त्यांनी ती सोप्या भाषेत समजावणारे पुस्तक काढले, कारण माप न समजणाऱ्या कामगाराला कोणीही फसवू शकतो. कामावर जाणाऱ्या मुलांसाठी मालकांशी लेखी करार केले. मुलाला धंदा शिकवायचा, घरगडी म्हणून राबवायचे नाही, मारायचे नाही, रविवारी आणि सणाला सुटी द्यायची, अशी कलमे त्यात असत. १८५३ पासून त्यांनी आवारातच चांभारकाम आणि शिवणकाम यांच्या कार्यशाळा सुरू केल्या. मग पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई आणि लोहारकाम यांची भर पडली. १८५४ मध्ये तुरीनमध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा येथील चाळीसहून अधिक मुले रोग्यांच्या सेवेला गेली, आणि त्यांच्यापैकी एकही दगावला नाही. संत डॉमिनिक सावियो याच शाळेचा विद्यार्थी. १८५९ साली सालेशियन संस्था स्थापन झाली, ती बहुतांशी येथेच वाढलेल्या मुलांना हाताशी धरून. १८७२ मध्ये संत मारिया मात्झारेल्लो यांच्यासह धर्मभगिनींची संस्था सुरू झाली, आणि १८७५ मध्ये पहिले मिशनरी अर्जेंटिनाला निघाले. आपल्या शिक्षणपद्धतीचे सार डॉन बॉस्को यांनी १८७७ साली लिहून ठेवले. विवेक, धर्म आणि माया हे तिचे तीन आधार.

याच मुलांतला एक कार्लो गास्तिनी. तो न्हाव्याच्या दुकानात उमेदवारी करणारा छोकरा होता. एकदा डॉन बॉस्को दाढीसाठी तेथे गेले असता त्यांनी या पोराकडूनच दाढी करून घेतो असे सांगितले. मालक घाबरला, कारण पोराच्या हाती अजून वस्तरा दिलेला नव्हता. फादरांनी थोडे ओरखडे हसत सोसले आणि त्याला रविवारी बोलावले. पुढे आई वारल्यावर हा मुलगा उघड्यावर पडला, तेव्हा रडत बसलेल्या त्याला ते घरी घेऊन आले. गास्तिनी पुस्तकबांधणी शिकला, स्वतःच्या पायावर उभा राहिला. २४ जून १८७० रोजी, संत योहान बाप्तिस्ता यांच्या सणादिवशी, डॉन बॉस्को यांचा नामदिन साजरा होत होता. त्या दिवशी गास्तिनी आपल्या जुन्या सोबत्यांना घेऊन आला. वर्गणी काढून आणलेली भेट त्यांनी गुरूंपुढे ठेवली: कॉफीच्या कपांचा एक संच. कधीकाळी दुसऱ्याच्या दुकानात कॉफी करून जिन्याखाली झोपणाऱ्या माणसाला, एकेकाळच्या निराधार मुलांनी, स्वतःच्या कमाईतून दिलेले ते कप होते. त्यानंतर ही मंडळी दर वर्षी येऊ लागली, आणि डॉन बॉस्कोही त्यांना आवर्जून जेवायला बोलावू लागले.

संत थॉमस अक्वायनस यांनी कृतज्ञतेची गणना न्यायाशी जोडलेल्या सद्गुणांत केली आहे. म्हणजे ती केवळ शिष्टाचाराची बाब नाही, ते एक देणे आहे. पण हे देणे फेडायचे कसे? याचे उत्तर डॉन बॉस्को यांच्या आयुष्यातल्या आणखी एका प्रसंगात आहे.

मे १८८४ मध्ये रोममधून त्यांनी तुरीनच्या घराला एक पत्र पाठवले. आपण पाहिलेले स्वप्न त्यात सांगितले आहे. दोन माजी विद्यार्थी त्यांना भेटतात. वाल्फ्रे नावाचा विद्यार्थी पूर्वीची शाळा दाखवतो: मैदानात मुले धावत आहेत, गुरुजन त्यांच्यात मिसळून खेळत आहेत. मग ज्युसेप्पे बुझेत्ती, जो स्वतः विटा वाहणारा पोर म्हणून आला होता, तो त्या वेळची शाळा दाखवतो: मुले कंटाळलेली, कोपऱ्याकोपऱ्यांत कुजबुजणारी, आणि शिक्षक लांब उभे राहून फक्त देखरेख करणारे. इमारत मोठी झाली होती, मुलांची संख्या वाढली होती, संस्थेचे नाव झाले होते. पण मुलांवर माया असणे पुरेसे नाही, ती माया मुलांना कळली पाहिजे, ही मूळ गोष्ट निसटत चालली होती. हे दाखवायला आले ते माजी विद्यार्थी, आणि वृद्ध संस्थापकाने त्यांचे ऐकले. आपल्या नामवंत शाळेचे दोष त्यांनी झाकले नाहीत, पत्रात लिहून सर्वांना कळवले.

३१ जानेवारी १८८८ रोजी डॉन बॉस्को यांचे तुरीनमध्ये निधन झाले. १ एप्रिल १९३४ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, पोप अकरावे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. तुरीनच्या साहाय्यकारिणी मरियेच्या महामंदिरासमोर त्यांचे जे स्मारक १९२० साली उभे राहिले, ते देशोदेशींच्या माजी विद्यार्थ्यांनी उभारलेले आहे. सालेशियन १९०६ साली तंजावरला आणि १९२८ साली मुंबईला आले. माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा मुंबईकरांना वेगळी सांगायला नको. आज १३० हून अधिक देशांत हे कार्य चालते.

बंधुभगिनींनो, आज आपल्या ख्रिस्ती शाळांच्या दारात प्रवेशासाठी रांगा लागतात. ही अभिमानाची गोष्ट आहे आणि काळजीचीही. ज्याच्या बापाची कोणाशी ओळख नाही, ज्याच्या आईला अर्ज भरता येत नाही, जो वीटभट्टीवरून किंवा मासळीबाजारातून आला आहे, त्याला या रांगेत कोण विचारतो? आपल्या आजोबा-पणजोबांना याच शाळांनी फुकट किंवा नाममात्र फीवर शिकवले, म्हणून आपण आज नोकरीत, धंद्यात, परदेशात आहोत. आपल्यातले किती जण गारेल्लीचे वंशज आहेत, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या घरी करावा.

म्हणून महोत्सवाच्या मांडवात माजी विद्यार्थ्यांनी आठवणी जरूर जागवाव्यात, पण वाल्फ्रे आणि बुझेत्ती यांचे कामही करावे. मुख्याध्यापकांना आदराने विचारावे, यंदा किती गरीब मुलांना प्रवेश मिळाला? मधेच शाळा सोडून गेलेली मुले कुठे आहेत? आणि विचारून थांबू नये. एका मुलाची फी भरावी. आठवड्यातून एक संध्याकाळ अभ्यासवर्गाला द्यावी. आपल्या कारखान्यात वा कार्यालयात एखाद्या होतकरू मुलाला उमेदवारीची जागा द्यावी, आणि डॉन बॉस्को यांच्या करारातली कलमे त्यालाही लावावीत.

येत्या रविवारच्या मिस्सामध्ये आपण आपल्या शिक्षकांसाठी, हयात आणि दिवंगत, प्रार्थना करणार आहोत. मिस्सा झाल्यावर ज्यांना एखाद्या मुलाच्या शिक्षणाचा भार उचलायचा आहे, त्यांनी आम्हांला साक्रिस्तीत येऊन भेटावे. साक्रिस्तीचे दार उघडे असेल.