पहिल्या मिनिटाच्या डॉक्टर : व्हर्जिनिया ॲपगार

प्रसूतिगृहातून बाळाला घरी आणताना आपल्या हाती एक कार्ड पडते. वजन आणि जन्मवेळ यांच्या जवळच त्यावर बहुधा 'ॲपगार' असा शब्द असतो आणि पुढे ८, ९ असे आकडे लिहिलेले असतात. ॲपगार हे एका स्त्रीचे आडनाव आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

व्हर्जिनिया ॲपगार यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेतील वेस्टफिल्ड या गावी झाला. त्यांचा एक भाऊ लहानपणीच क्षयाने दगावला, तर दुसरा सतत आजारी असे. आजारपण घरातच पाहिलेली ही मुलगी १९३३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर झाली. त्यांना शल्यविशारद व्हायचे होते. पण तो मंदीचा काळ होता आणि त्या क्षेत्रात स्त्रियांना पाय रोवणे कठीण होते. त्यांचे गुरू डॉ. ॲलन व्हिपल यांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळण्याचा सल्ला दिला. हे काम तेव्हा बहुतेक परिचारिकाच करत. ॲपगार यांनी ते कमी लेखले नाही. १९३८ साली त्या कोलंबियात भूल विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९४९ साली तेथील वैद्यकीय महाविद्यालयातील पहिल्या पूर्ण प्राध्यापिका.

भूलतज्ज्ञ आईच्या उशाशी उभा असतो. तेथून त्यांना एक गोष्ट दिसत असे. बाळ बाहेर आले की साऱ्यांचे लक्ष आईकडे जाई. बाळ निळे पडलेले, लुळे आणि न रडणारे असेल तर ते वाचेल की नाही, हे ज्याच्या त्याच्या अंदाजावर ठरे. धडपडणारी काही इवलीशी बाळे मृत जन्मली अशी नोंद होऊन बाजूला ठेवली जात.

१९४९ साली एके सकाळी न्याहारीच्या वेळी एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले, की नवजात बाळाची तब्येत पारखायची कशी? त्यांनी हाताला आलेल्या कागदावर पाच मुद्दे लिहिले आणि ते करून पाहायला लगेच प्रसूतिकक्ष गाठला. ते पाच मुद्दे असे : हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठरपणा, चाळवल्यावर बाळाने दिलेला प्रतिसाद आणि अंगाचा रंग. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, एकूण १०. ठोके मिनिटाला शंभराहून अधिक असतील तर २, कमी असतील तर १, मुळीच नसतील तर ०. जन्मानंतर एका मिनिटाने हे गुण द्यायचे. पुढे पाच मिनिटांनी पुन्हा द्यायची पद्धत पडली.

वरवर पाहता हे अगदी साधे वाटते. पण निळे, न रडणारे बाळ नुसत्या नजरेला गेलेले वाटते. त्याच्या छातीवर कान लावला आणि ठोका ऐकू आला, तर ते गेलेले नसते, त्याला श्वास हवा असतो. पाच प्रश्न ठरलेले असल्याने कोणी तरी बाळाकडे वळून पाहणे भाग पडले. बाळंतपण करणाऱ्याने स्वतः गुण देऊ नयेत, असाही त्यांचा आग्रह होता. आपल्या हातून आलेल्या बाळाला माणूस नकळत झुकते माप देतो, हे त्या जाणून होत्या.

१९५३ साली ही पद्धत छापून आली. पुढे सहकाऱ्यांबरोबर बाळांच्या रक्ताची तपासणी करताना त्यांना आढळले, की सायक्लोप्रोपेन हा भुलीचा वायू आईला दिल्यास बाळ मलूल जन्मते. हा त्यांचा स्वतःचा आवडता वायू होता. पुरावा समोर येताच त्यांनी तो बाजूला ठेवला.

या गुणांची मर्यादाही आपण जाणली पाहिजे. बाळ पुढे हुशार होईल की मागे पडेल, हे त्यावरून ठरत नाही. हातपाय थोडे निळसर असणे स्वाभाविक असल्याने पहिल्या मिनिटाला पूर्ण दहा गुण क्वचितच मिळतात. सावळ्या बाळाच्या कातडीचा रंग तर फसवूही शकतो, म्हणून आज रक्तातील प्राणवायू यंत्राने मोजतात. बाळ श्वास घेत नसेल तर एक मिनिट पूर्ण होण्याचीही वाट पाहायची नसते, मदत ताबडतोब सुरू करायची असते.

डॉ. ॲपगार यांनी १९५९ नंतरची वर्षे जन्मजात व्यंगांविषयी लोकांना जागे करण्यात घालवली. त्या अविवाहित होत्या. व्हायोलिनसारखी तंतुवाद्ये त्या वाजवत आणि स्वतःच्या हाताने घडवतही. ७ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

तेव्हा आपल्या नातवाच्या कार्डावर पहिल्या मिनिटाला ५ आणि पाचव्या मिनिटाला ९ दिसले, तर घाबरून जाऊ नका आणि सुनेला बोल लावू नका. त्या चार मिनिटांत त्या बाळासाठी कोणाचे तरी हात झटले होते, असा त्याचा अर्थ आहे. शंका असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.