हार्लॉन कार्टर : अमेरिकेतील बंदूक हक्क चळवळीचे शिल्पकार

अमेरिकेत बंदूक बाळगण्याच्या हक्काचा प्रश्न आज निवडणुकीचे पारडे फिरवू शकतो. अर्धशतकापूर्वी अशी स्थिती नव्हती. नेमबाज आणि शिकाऱ्यांची संघटना म्हणून परिचित असलेल्या नॅशनल रायफल असोसिएशनला (एनआरए) राजकीय शक्तीचे रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने हार्लॉन कार्टर यांना दिले जाते. बंदूक हा नागरिकाच्या स्वसंरक्षणाचा अविभाज्य हक्क आहे, हा विचार त्यांनी आयुष्यभर मांडला. मात्र कुमारवयात त्यांच्याच बंदुकीने एका मुलाचा बळी घेतला होता, ही गोष्ट देशासमोर येण्यास ५० वर्षे लागली.

कार्टर यांचा जन्म १० ऑगस्ट १९१३ रोजी टेक्सास राज्यातील ग्रॅनबरी येथे झाला. त्यांचे बालपण मेक्सिकोच्या सीमेवरील लारेडो शहरात गेले. वडील सीमा गस्ती दलात होते. मार्च १९३१ मध्ये, कार्टर १७ वर्षांचे असताना, कुटुंबाची मोटार चोरीस गेल्याच्या प्रकरणात काही मेक्सिकन वंशाच्या मुलांवर संशय घेण्यात आला. कार्टर बंदूक घेऊन त्यांच्या शोधात निघाले. मुलांना जाब विचारताना वाद झाला आणि त्यांनी झाडलेल्या गोळीने १५ वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. मुलाने चाकू काढल्याने स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असा त्यांचा बचाव होता. कनिष्ठ न्यायालयाने त्यांना खुनाबद्दल दोषी ठरवून तीन वर्षांची शिक्षा सुनावली. तथापि, स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर ज्यूरीला योग्य मार्गदर्शन झाले नाही, या कारणास्तव वरिष्ठ न्यायालयाने ती रद्द केली. पुढे खटला पुन्हा चालला नाही. त्यानंतर त्यांनी आपल्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधील एक अक्षर बदलले आणि ‘हार्लन’चे ‘हार्लॉन’ झाले.

१९३६ मध्ये ते वडिलांप्रमाणेच सीमा गस्ती दलात दाखल झाले आणि १९५० मध्ये त्या दलाचे प्रमुख बनले. १९५४ मध्ये मेक्सिकन स्थलांतरितांना मोठ्या प्रमाणावर देशाबाहेर काढण्यात आले. त्या मोहिमेच्या नावातच स्थलांतरितांसाठी वापरला जाणारा अपमानास्पद शब्द होता. ती राबविण्यात कार्टर यांचा प्रमुख वाटा होता. याच काळात निष्णात नेमबाज म्हणूनही त्यांनी नाव कमावले. १९६५ ते १९६७ या कालावधीत ते एनआरएचे अध्यक्ष होते.

एनआरएची स्थापना १८७१ मध्ये यादवी युद्धातील माजी अधिकाऱ्यांनी नेमबाजीचे कौशल्य वाढविण्यासाठी केली होती. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर १९६८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने बंदूक नियंत्रण कायदा संमत केला. संघटनेच्या तत्कालीन नेतृत्वाने त्यातील काही तरतुदींबाबत तडजोडीची भूमिका घेतली. कार्टर यांना ती मान्य नव्हती. १९७५ मध्ये एनआरएने कायदेविषयक कामासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी काँग्रेसच्या समितीपुढे त्यांनी, काही गुन्हेगार किंवा मनोरुग्णांच्या हाती शस्त्रे पडली तरी ती स्वातंत्र्याची किंमत मानावी, अशा आशयाची भूमिका मांडली.

संघटनेचे नेतृत्व मात्र राजकारणापासून दूर जाऊ पाहत होते. मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोरॅडो राज्यात हलवून शिकार आणि निसर्गसंवर्धनावर भर देण्याची योजना आखली गेली. १९७६ च्या अखेरीस अनेक कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्यात आले, तेव्हा कार्टर यांनीही राजीनामा दिला. २१ मे १९७७ रोजी सिनसिनाटी येथे वार्षिक सभा भरली. त्यांच्या समर्थकांनी नियमपुस्तिकेचाच आधार घेत पहाटेपर्यंत सभा चालविली आणि जुन्या नेतृत्वाला पायउतार केले. प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्या कार्यकारी उपाध्यक्षपदी कार्टर यांची निवड झाली.

त्यांच्या कार्यकाळात सदस्यसंख्या सुमारे १० लाखांवरून ३० लाखांच्या घरात पोहोचली. १९८० मध्ये रोनाल्ड रेगन यांच्या रूपाने एनआरएने प्रथमच अध्यक्षपदाच्या उमेदवाराला जाहीर पाठिंबा दिला.

१९८१ मध्ये वृत्तपत्रांनी लारेडो प्रकरण उजेडात आणले. कार्टर यांनी सुरुवातीस इन्कार केला, नंतर घटना मान्य केली. तरीही त्यांच्या पदाला धक्का लागला नाही. ज्या १९६८ च्या कायद्याविरुद्ध ते लढले, त्यानुसार गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीस बंदूक बाळगण्यास मनाई आहे. १९३१ मधील शिक्षा कायम राहिली असती, तर ही मनाई त्यांनाही लागू झाली असती.

१९८५ मध्ये ते निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी १९६८ च्या कायद्यातील अनेक निर्बंध शिथिल करणाऱ्या विधेयकावर रेगन यांनी स्वाक्षरी केली. १९ नोव्हेंबर १९९१ रोजी ॲरिझोना राज्यातील ग्रीन व्हॅली येथे वयाच्या ७८ व्या वर्षी कार्टर यांचे निधन झाले. बंदूक बाळगणे हा व्यक्तिगत हक्क असल्याचा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. कार्टर यांनी आयुष्यभर मांडलेल्या भूमिकेला अशा प्रकारे न्यायालयाची मान्यता मिळाली. लारेडोतील त्या मुलाच्या मृत्यूबाबत मात्र न्यायालयाचा अंतिम निवाडा कधीच झाला नाही.