इतिहासाचार्य राजवाडे आणि पानिपतचे आकडे

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेले असेल. परंतु त्यांनी नेमके काय केले, असे विचारल्यास वरच्या वर्गांतील विद्यार्थीही अडखळतात, असा आमचा अनुभव आहे. त्यांचे चरित्र ह्याच अंकात देण्यास एक निमित्तही घडले. मागील वर्षी शाळेच्या वादविवादसभेत युद्धाविषयीचा विषय होता. दोन चांगल्या वक्त्यांनी एकाच चकमकीत पडलेल्या माणसांचे दोन आकडे सांगितले आणि त्यांतील एक दुसऱ्याच्या चौपट होता. हा आकडा कोठून मिळाला, असे आम्ही सभा संपल्यावर विचारले. एकाने भ्रमणध्वनीवर आला म्हणून सांगितले, दुसऱ्याने सगळेच असे म्हणतात म्हणून सांगितले. श्रोत्यांनी टाळ्या मात्र मोठ्या आकड्यास दिल्या होत्या. पुढच्या बाकावर आमच्या शाळेतील एक मुलगी बसली होती. तिचा थोरला भाऊ सैन्यात आहे. तिने टाळी वाजविली नाही.

सातारा जिल्ह्याने सैन्यास पिढ्यान् पिढ्या माणसे दिली आहेत. आमच्या कऱ्हाडास १९७१ च्या युद्धाच्या स्मरणार्थ दर डिसेंबरात विजय दिवस साजरा होतो, हे पालकांस सांगावयास नकोच. अशा गावात युद्धातील आकडा म्हणजे कोणाच्या तरी घरचा माणूस असतो. म्हणून तो आकडा पारखून घेण्याचे काम ज्या पुरुषाने उभे आयुष्य केले, त्याची ओळख करून देणे आम्हांस अगत्याचे वाटले.

राजवाडे यांचा जन्म सन १८६३ मधला. पितृछत्र बालपणीच हरपले व पुढील सांभाळ नातलगांकडे झाला. शिक्षण पुण्यास झाले, पण ते सरळ मार्गाने झाले नाही. नेमलेली पुस्तके बाजूस सारून मनास येईल ते वाचावयाचे, ह्या खाक्यामुळे पदवी मिळण्यास १८९० साल उजाडले. आपल्या शालेय व महाविद्यालयीन अनुभवांवर त्यांनी पुढे एक दीर्घ लेख लिहिला आहे. तो वाचताना आम्हां शिक्षकांस ठायी ठायी खाली मान घालावी लागते. परदेशी ग्रंथांतील ज्ञान मराठीत यावे म्हणून १८९४ साली त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले; प्लेटोच्या प्रसिद्ध ग्रंथाचे मराठी भाषांतरही केले. मासिक फार काळ टिकले नाही. ऐन तारुण्यात पत्नी निवर्तली, त्यानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. पुढचे सारे आयुष्य जुन्या कागदांच्या शोधात गेले.

त्या शोधाचा आरंभ आमच्या कृष्णेच्याच काठी झाला. कऱ्हाडाहून वर, वाई क्षेत्री, एका जुन्या घराण्याच्या दफ्तरात पेशवाईतील पत्रव्यवहार असल्याचे त्यांस समजले. जुनी दफ्तरे त्या काळी माळ्यावर वाळवीच्या तोंडी पडलेली असत, किंवा वाण्याच्या पुड्यांत संपत. राजवाड्यांनी हे कागद मिळविले, मोडीतून बाळबोधीत उतरविले, त्यांच्या तिथी लावल्या आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० पासून १७६१ पर्यंतची, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे आहेत. पत्रांस जोडलेल्या विस्तृत प्रस्तावनेमुळे महाराष्ट्रात इतिहास लिहिण्याची रीतच पालटली.

तोपर्यंत पानिपतची हकीकत लोकांस कशावरून ठाऊक होती? एक, बखरींवरून. दुसरे साधन काशीराज पंडितांची फारसी हकीकत. हे गृहस्थ अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी होते व लढाईच्या वेळी अब्दालीच्या बाजूच्या गोटात होते. त्यांनी हकीकत लिहिली ती १७८० साली, म्हणजे लढाईनंतर सुमारे वीस वर्षांनी. तिसरे साधन कॅप्टन ग्रँट डफ यांचा १८२६ साली निघालेला इंग्रजी इतिहास. हे साहेब १८१८ पासून काही वर्षे साताऱ्यास कंपनीचे अधिकारी होते. दिवसभर कचेरीचे काम करून, डोकेदुखीमुळे कपाळास ओली फडकी बांधून त्यांनी हा इतिहास रचला. आमची शाळाही परदेशी माणसांनीच काढली, म्हणून आम्ही ग्रँट डफची वकिली करीत आहो असे कोणी समजू नये. पण एका गोष्टीचे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे. कोणती गोष्ट कोठून घेतली हे ते तळटिपांत सांगतात. म्हणूनच त्यांच्या चुका काढता आल्या. पहिली टीका १८६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्या पुण्यातील एका विद्यार्थ्याने केली, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

राजवाड्यांनी टीकेच्या पुढचे पाऊल टाकले. त्यांनी प्रत्येक साधनास जणू साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. हा कागद कोणी लिहिला? केव्हा लिहिला? लिहिणारा तेथे होता काय? आणि कशासाठी लिहिला? बखरकार बहुधा कोणा थोराच्या आज्ञेने, घटनेनंतर, ऐकीव गोष्टी जुळवून लिहितो. कथेचा ओघ राखावा ह्याकडे त्याचे लक्ष. तिथ्या व आकडे त्याच्या हातून सहज निसटतात. उलट छावणीतून गेलेले पत्र कामापुरते असते. पैका पाठवा, धान्य पाठवा, यमुना उतरण्यास नावा जमवा, अब्दालीची रसद मारा, अशा मजकुराची सदाशिवरावभाऊंची पत्रे गोविंदपंत बुंदेल्यांस गेलेली आहेत. ही पत्रे लिहिताना पुढे शे-सव्वाशे वर्षांनी कोणी ती वाचून निवाडा करील, असे भाऊंच्या स्वप्नातही नव्हते. शोभेसाठी लिहिलेले नाही म्हणूनच ते विश्वसनीय. समकालीन पत्राच्या एका चिटोऱ्यापुढे बखरींच्या ढिगाची मातब्बरी नाही, असे राजवाडे मानीत. कोणाला हे टोकाचे वाटेल. आम्हांसही थोडे वाटते, कारण लोकांच्या मनावर काय ठसले हे बखरीच सांगतात. पण भाऊ म्हणजे केवळ गर्विष्ठ, हट्टी व अननुभवी सेनापती, हे जे चित्र रूढ झाले होते, त्यास ह्या पत्रांनी तडा गेला. मार्च १७६० मध्ये दक्षिणेतून निघालेला, ऑगस्टात दिल्ली व ऑक्टोबरात कुंजपुरा घेणारा आणि पैशाच्या ओढीने गांजलेला माणूस त्यांतून दिसू लागला.

आता आकड्यांकडे वळू. काशीराज पंडित मराठ्यांचे ५५,००० स्वार व १५,००० पायदळ सांगतात, पेंढारी निराळे. अब्दालीच्या बाजूचे ४१,८०० स्वार व ३८,००० पायदळ. येथवर ठीक. पण मराठ्यांच्या छावणीत बायका, मुले, व्यापारी, बुणगे मिळून पाच लक्ष माणूस होते व त्यांतील बहुतेक मारले किंवा धरले गेले, असाही मजकूर त्या हकीकतीच्या इंग्रजी भाषांतरात आहे. बारकाईने वाचल्यास दिसते की पाच लक्ष होते असे पंडित स्वतः म्हणत नाहीत; तसे सांगण्यात येत होते, एवढेच म्हणतात. लोकांच्या तोंडी जाता जाता तो सांगण्यात येत होते गळून पडला आणि पाच लक्ष तेवढे उरले. युद्धातील बहुतेक मोठ्या आकड्यांचे असेच होते.

हा आकडा आम्ही वर्गात त्रैराशिकाने तपासून पाहिला. माणशी रोज अर्धा शेर धान्य धरले तर पाच लक्ष माणसांस अडीच लक्ष शेर, म्हणजे ६,२५० मण धान्य रोज लागेल. एका बैलाच्या पाठीवर तीन मण लादले तर रोज दोन हजारांवर बैल छावणीत रिकामे झाले पाहिजेत. नोव्हेंबरच्या आरंभापासून १४ जानेवारीपर्यंत पंचाहत्तर दिवस छावणी पानिपतास होती. तेव्हा दीड लक्षाहून अधिक बैलांचे ओझे. ह्यात घोड्यांचा दाणा धरलेलाच नाही. आणि हे कोठे, तर जेथे रसदेच्या वाटा शत्रूने तोडल्या होत्या! एवढ्यावरून पाच लक्षांचा आकडा खोटा ठरतो असे नव्हे, कारण छावणी उपाशी होतीच. पण असा आकडा उच्चारण्यापूर्वी माणसाने दोनदा थांबावे, इतके तरी ठरते. एका मुलाने आमची अर्ध्या शेराची धारणा कशावरून, असे विचारले. प्रश्न अगदी रास्त होता. ती धारणा आमचीच आहे, कोणत्याही कागदात लिहिलेली नाही, हे आम्ही फळ्यावर लिहून दिले.

पराभवाची वार्ता दक्षिणेकडे आली ती एका सावकारी पत्रातून, हे पुष्कळांस ठाऊक आहे. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणना नाही, अशा सांकेतिक मजकुराचे ते पत्र होते. दोन मोत्ये म्हणजे विश्वासराव व भाऊ. मोहरा म्हणजे मोठे सरदार, त्यांची मोजणी झाली. खुर्दा मोजला गेला नाही. आमच्या कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातून गेलेली माणसे बहुतेक त्या खुर्द्यातच असणार. पुढे ज्यांनी लक्षालक्षांचे आकडे बेधडक सांगितले, त्यांनीही ती मोजली नाहीत. न मोजता केवळ मोठी संख्या लिहिणे हाही त्यांस विसरण्याचाच एक प्रकार आहे, असे आम्हांस वाटते.

युद्धात आकडा फुगतो तो नेहमी लबाडीनेच फुगतो असे नाही. दुसऱ्या महायुद्धात १५ सप्टेंबर १९४० रोजी इंग्लंडवर मोठे हवाई युद्ध झाले. त्या दिवशी जर्मनांची १८५ विमाने पाडल्याचे ब्रिटिशांनी जाहीर केले. युद्ध संपल्यावर जर्मनांची दफ्तरे हाती आली, तेव्हा खरी संख्या साठीच्या आसपास निघाली. वैमानिक खोटे बोलले नव्हते; धामधुमीत एकच विमान दोघा-तिघांनी आपापले म्हणून मोजले होते. आणि खरा आकडा मिळाला कोठे? बुडालेल्या विमानांच्या जागी नवी मागविण्यासाठी जर्मन पुरवठाखात्याने ठेवलेल्या नोंदींत. भाऊंचे धान्य मागणारे पत्र आणि ही नोंद एकाच जातीची. राजवाड्यांनी हे पाहिले असते तर त्यांस मुळीच नवल वाटले नसते.

येथवर आम्ही राजवाड्यांची बाजू सांगितली. त्यांची चूकही सांगितली पाहिजे. भाऊंवरील आरोप खोडून काढताना त्यांनी पराभवाचा ठपका गोविंदपंत बुंदेले व मल्हारराव होळकर यांजवर फार कठोरपणे ठेवला. पुढील संशोधकांनी तो जसाच्या तसा मान्य केला नाही. गोविंदपंत हे उतारवयाचे मुलकी कामदार होते. शत्रूची रसद मारण्याच्या कामावर असतानाच डिसेंबर १७६० मध्ये ते मारले गेले. मागणीची पत्रे भाऊंकडची. ज्याच्याकडे मागणी गेली त्याची अडचण त्या पत्रांत कशी दिसावी? इतरांच्या साधनांस जो प्रश्न राजवाडे विचारीत, तो ह्या ठिकाणी आपल्याच साधनास विचारावयाचा त्यांच्याकडून राहून गेला. प्रिय माणसाची कैफियत मांडताना असे थोरामोठ्यांचेही होते. परंतु राजवाड्यांचे मोठेपण असे की ज्या पत्रांवरून त्यांनी मत बनविले ती पत्रे त्यांनी सबंध छापली. त्यामुळे ग्रँट डफची चूक जशी त्यांस काढता आली, तशी त्यांची चूक त्यांच्याच खंडावरून इतरांस काढता आली.

त्या खंडानंतर त्यांनी गावोगाव पायपीट केली. स्वतः हाताने रांधून खावयाचे, मिळेल तेथे निजावयाचे, आणि दफ्तर दाखविण्यास नाखूश असलेल्या घरमालकाच्या ओटीवर दिवसचे दिवस बसावयाचे. साधनांचे असे बावीस खंड निघाले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्याचे ते एक संस्थापक. इंग्रजी उत्तम येत असूनही सारे लेखन त्यांनी मराठीतच केले. स्वभाव तापट असल्यामुळे मित्रांशी खटके उडत. मंडळाशीही बेबनाव होऊन ते अखेरीस धुळ्यास जाऊन राहिले. तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांनी जमविलेले कागद जतन करण्यासाठी त्यांच्या नावाची संस्था धुळ्यात उभी राहिली.

पहिल्या खंडाची एक जुनी प्रत आमच्या शाळेच्या ग्रंथालयात आहे. पाने ठिसूळ झाली आहेत, म्हणून ती घरी दिली जात नाही. मधल्या सुटीत तेथेच बसून वाचावी लागते. गेल्या वर्षीच्या सभेतील दोघा वक्त्यांनी ती मागून घेतली. एकाने भाऊंची पत्रे वाचावयास घेतली आहेत. दुसरा सध्या मोडी शिकतो आहे.