चवदार तळ्यापासून कालव्यापर्यंत : बाबासाहेबांचे पाण्याचे काम

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवर येडगावचे धरण आहे. माणिकडोहचे पाणी नदीतून तिथे येते. आंबेगावच्या डिंभे धरणाचे पाणी डाव्या कालव्याने तिथे येते. आलेले पाणी अडवायचे, त्याची पातळी उचलायची आणि ते कुकडी डाव्या कालव्यात वळवायचे, हे येडगावचे मुख्य काम. पुढे हे पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. आवर्तन सुटायची वेळ आली की दरवर्षी भांडण ठरलेले. वरचे विरुद्ध खालचे, तालुका विरुद्ध तालुका, पुणे विरुद्ध नगर. या भांडणात भूमिहीन माणूस कुठेच नसतो. म्हणून बाबासाहेबांचे चरित्र एकदा पाण्याच्या बाजूने वाचायला हवे.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब साताऱ्याला आले. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर सरकार तलाव बांधत होते आणि रामजी त्या कामावर रोखपाल होते. १९०१ साली उन्हाळ्याच्या सुट्टीत भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि गाडीवान मिळेना. दुप्पट पैसे मोजून गाडी मिळाली, पण रात्रभर पाणी मिळाले नाही. जवळ जेवण असूनही मुले उपाशी राहिली. बाप जिथे तलावाचा हिशेब लिहीत होता, त्याच वाटेवर त्याच्या मुलांना घोटभर पाणी मिळाले नाही. तलाव बांधला म्हणजे पाणी सर्वांचे होत नाही, हे त्या मुलाला दहाव्या वर्षी कळले.

पुढे कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. हा विद्यार्थी अर्थशास्त्राचा होता, हे आपण अनेकदा विसरतो. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे जोडले की शेती सुधारेल, असे तेव्हाचे तज्ज्ञ सांगत होते. बाबासाहेबांनी वेगळे मांडले. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्या जमिनीला भांडवल, अवजारे आणि इतर साधने किती मिळतात, त्यावर ते ठरते. शेतीवर पडलेला जास्तीचा भार उद्योगांनी उचलावा, हा त्यांचा उपाय होता.

महाडचा इतिहास आपल्याला पाठ आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर लोक पाणी प्यायले. नगरपालिकेने तळे आधीच खुले केले होते, पण ठराव कागदावर होता आणि काठावर जात उभी होती. नंतर सवर्णांनी दावा लावला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली बाजूने लागला. पाण्याला हात लावायला दहा वर्षांची कोर्टाची लढाई लागली. याच काळात, १९२८ साली, त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक आणले आणि १९३७ साली खोती रद्द करण्याचे. माणूस, जमीन आणि पाणी हे तीन प्रश्न त्यांनी कधी वेगळे केले नाहीत.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. हे पद नावाने मजूर खात्याचे, पण पाटबंधारे आणि वीज ही कामेही त्याच खात्याकडे होती. १९४३ साली दामोदर नदीचा मोठा पूर आला. पुराला बांध घालत बसण्याचा जुना रस्ता होता. बाबासाहेबांच्या खात्याने अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर संपूर्ण खोऱ्याची एकत्र योजना पुढे आणली. एकाच कामातून पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक साधायची होती. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग उभा राहिला. आजचा केंद्रीय जल आयोग त्यातूनच आला. ओरिसात महानदीवरच्या हिराकुड योजनेची सुरुवातही याच वर्षांतली. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ कायद्याने स्थापन झाले.

नदी प्रांताची हद्द मानत नाही, म्हणून नियोजनाचे एकक संपूर्ण खोरे हवे, हा या कामामागचा विचार. संविधानात पाणी राज्यांच्या यादीत आहे. मात्र आंतरराज्य नद्यांसाठी संसदेला अधिकार आहेत आणि तंटे सोडवण्यासाठी अनुच्छेद २६२ आहे. १९४९ साली संविधान सभेत ही तरतूद त्यांनीच मांडली.

पण वाटपाचा त्यांचा सगळ्यात मूलगामी विचार १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात आहे. शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी, गावकऱ्यांना जात न पाहता सामुदायिक शेतीसाठी द्यावी, आणि पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणे राज्याने पुरवावे. पाणी कुणाला, या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते : जो शेतीत राबतो त्याला. संविधानात हा आराखडा आला नाही. १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यांच्या कामाचा आदर करताना एक गोष्ट टाळता येत नाही. मोठ्या धरणांनी माणसे उठवली. हिराकुडने उठवली, दामोदरने उठवली, डिंभ्यानेही उठवली. ज्या आंबेगाववरून तालुक्याला नाव मिळाले, ते जुने गाव डिंभ्याच्या पाण्यात गेले आणि आदिवासींच्या जमिनीही गेल्या. पाणी खाली गेले, किंमत वर राहणाऱ्यांनी मोजली. बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्याने कालव्याच्या शेवटच्या टोकाबद्दल बोलावे, तसे धरणाच्या वरच्या टोकाबद्दलही बोलावे.

आजचा प्रश्न सभासदत्वाचा आहे. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्था आल्या. संचालक मंडळात कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागाचे प्रतिनिधी घेण्याची सोय त्यात आहे. चांगली गोष्ट आहे. पण सभासद होण्यासाठी लाभक्षेत्रात जमीन लागते. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो उसाच्या शेतात दिवसभर पाणी धरतो, पण पाण्याच्या बैठकीत बसू शकत नाही. दुसरी वाट अशक्य नाही. पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने कुटुंबातल्या माणसांवर पाणी मोजले, भूमिहीनांनाही वाटा धरला आणि ऊस बाहेर ठेवला.

जयंतीची वर्गणी गोळा करणाऱ्या प्रत्येक तरुण मंडळाने यंदा एवढे करावे. गावातल्या वतनाच्या आणि गायरानाच्या जमिनींची यादी काढावी, त्यातल्या किती जमिनींपर्यंत चारी पोहोचते ते पाहावे, आणि पाणी वापर संस्थेच्या सभासद यादीत आपली किती नावे आहेत ते मोजावे. मिळेल तो आकडा ग्रामसभेत वाचून दाखवावा. महाडलाही सुरुवात ठरावाची अंमलबजावणी मागण्यापासूनच झाली होती.